मंद वाऱ्यात पाच चौरस मीटरचा पॉवर काइट : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५

या प्रकल्पाचा हेतू मर्यादित आहे. चार दोऱ्यांचा, पाच चौरस मीटर क्षेत्रफळाचा एक पॉवर काइट, म्हणजे माणसाला किंवा गाडीला ओढण्यासाठीचा मोठा पतंग, आम्ही घेतला आहे. विदर्भात हिवाळ्याच्या दुपारी जो मंद वारा वाहतो त्यात हा पतंग उडतो का, उडाला तर किती ओढ देतो, आणि ती ओढ माणसासह तीनचाकी गाडी हलवण्याइतकी टिकते का, एवढेच पाहायचे आहे. महाराष्ट्रातल्या पवनचक्क्या सातारा, सांगली, धुळे, नंदुरबार या बाजूंना उभ्या राहिल्या. अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या चांदूर रेल्वे तालुक्याची वाऱ्यासाठी कधी ख्याती नव्हती. पतंगासोबत आलेल्या पत्रकात ताशी १२ ते ३० किलोमीटर वाऱ्याची मर्यादा छापलेली आहे. जानेवारीतला इथला वारा बहुतेक वेळा त्या मर्यादेच्या खालीच असतो, त्यामुळे पत्रकात ज्याविषयी काहीच म्हटलेले नाही तोच भाग आमच्या कामाचा आहे.

पतंगाला काड्या नाहीत. पातळ नायलॉनी कापडाचे दोन थर आणि त्यांच्यामध्ये उभ्या पडद्यांनी पाडलेले कप्पे अशी त्याची रचना आहे. पुढच्या कडेला कप्प्यांची तोंडे उघडी असतात. त्यांतून हवा आत शिरते, मागे कोंडली जाते आणि त्या दाबानेच कापडाला विमानाच्या पंखासारखा फुगीर आकार येतो. संशोधक डोमिना जालबर्ट यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या पॅराफॉइलचेच, म्हणजे हवेने फुगणाऱ्या कापडी पंखाचेच, हे पुढचे रूप आहे, आणि आजचे चौकोनी पॅराशूटही त्याच कुळातले. आत हवेचा दाब नसेल तर हे निव्वळ कापड असते. मंद वाऱ्यातली पहिली अडचण तीच आहे.

काट्यावर पतंग ८८० ग्रॅम भरला, म्हणजे चौरस मीटरमागे सुमारे १७५ ग्रॅम. ही संख्या पुढे वारंवार लागणार आहे.

जागा गावाच्या दक्षिणेची ई-क्लास (सरकारी चराईची) जमीन. मधोमध गुरांच्या वहिवाटीने घट्ट झालेला उत्तर-दक्षिण पट्टा आहे, बाजूंनी कुसळी गवत आणि तुरळक बोरी-बाभळी आहेत. ११ केव्हीची तार पूर्वेकडच्या धुऱ्याने जाते. हिवाळ्यात वारा बहुधा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून असतो, त्यामुळे पतंग तारेपासून दूर, पश्चिमेकडेच राहतो. वारा फिरून पश्चिमेचा झाला तर त्या दिवशी पतंग पिशवीतून काढायचाच नाही, हा नियम लिहून ठेवला आहे आणि त्याला अपवाद नाही. हातमोजे, हेल्मेट आणि मुठी सोडताच ब्रेकच्या दोऱ्या खेचून पतंग पाडणारे मनगटी पट्टे यांचा वापर दर वेळी होईल.

११ जानेवारी

आज फक्त वारा मोजला. हातात धरायचे वायुवेगमापक यंत्र आणि बांबूच्या टोकाला बांधलेला सुती धागा एवढेच साहित्य होते. सकाळी आठला यंत्राचे पंखे फिरतच नव्हते आणि गावातला चुलींचा धूर घरांच्या वर एक थर धरून आडवा पसरलेला होता. साडेदहानंतर धाग्यात हालचाल सुरू झाली, बारा वाजता ताशी ५ ते ७ किलोमीटर, आणि एक ते साडेतीनच्या दरम्यान ८ ते ११ किलोमीटर अशी नोंद मिळाली. पाचनंतर वारा जणू कुणी बंद केल्यासारखा पडला.

याचे कारण जमिनीत आहे. हिवाळ्याच्या स्वच्छ रात्री जमीन लवकर थंड होते, तिला लागून असलेली हवाही थंड आणि जड होऊन खाली बसते, आणि वरच्या थरांतला वारा या बसलेल्या हवेवरून सरकून जातो. ऊन चढल्यावर जमीन तापते, खालची हवा वर उठू लागते, थर ढवळले जातात आणि वरचा वेग खाली पोचतो. म्हणून या भागात सकाळी लवकर उठून मैदानावर जाण्यात काही अर्थ नाही. कामाची वेळ दुपारी एक ते साडेतीन.

जवळच गाई राखत असलेल्या ढोरक्याने विचारले, "सर, आज तं पानही हालून नाई रायलं, मंग काऊन आले?" पान हलत नाही तेव्हाच मोजायचे आहे, हे उत्तर त्याला फारसे पटलेले दिसले नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. चाचणी नाही, कारण गावभर आकाशात मांजा आहे आणि आमच्या दोऱ्या त्यात नेण्यात दोन्हीकडचे नुकसान आहे. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली असली तरी आजही तो झाडांवर लोंबताना दिसतो.

सुट्टीचा उपयोग एका मोजणीसाठी केला. पुतण्याचा कागदी पतंग घरच्या काट्यावर दहा ग्रॅमच्या आसपास भरला आणि त्याचे क्षेत्रफळ चौरस मीटरचा पाचवा हिस्सा निघाले. म्हणजे चौरस मीटरमागे ५० ग्रॅम, आमच्या पतंगाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याहून कमी. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने बदलतो, म्हणून तिप्पटीहून जास्त भार उचलायला वारा साधारण पावणेदोन ते दोन पट लागतो. ज्या वाऱ्यात पोरे चक्रीतून ढील देत पतंग सहज चढवतात, त्यात आमचे कापड जमिनीवर का पडून राहते याचा उलगडा एवढ्या हिशेबाने होतो. चौरस मीटर वाढवले म्हणजे मंद वाऱ्यात पतंग उडेल, असे मानण्याची प्रवृत्ती असते. पण त्याच कापडाचा मोठा पतंग केला तर वजनही त्याच प्रमाणात वाढते आणि उडण्यासाठी लागणारा किमान वारा जवळपास तोच राहतो.

१९ जानेवारी

आज पहिले उड्डाण झाले. वारा ताशी ६ ते ९ किलोमीटर, ईशान्येकडून, तापमान २८ अंश.

मांडणी अशी होती. पतंग पाठीवर, दोऱ्यांची बाजू वर, मागची कड आमच्याकडे म्हणजे वाऱ्याकडे, आणि तिच्यावर रेतीच्या छोट्या पुरचुंड्या. काळ्या मातीची ढेकळे वापरणे सोपे होते, पण ती फुटून कप्प्यांत जातात आणि पतंग वजनदार होतो, म्हणून ती टाळली. भरपूर वारा असेल तर पुढच्या दोऱ्या ताणताच पुढची कड उठते आणि कप्पे आपोआप भरतात. इथे तसे घडत नाही. कड उठते, अर्धे कप्पे भरतात, मधला भाग दुमडतो आणि सगळे पुन्हा खाली बसते. त्यासाठी सोबतच्या शिक्षकाने पुढची कड दोन्ही हातांनी उचलून तोंडे वाऱ्याकडे धरली आणि पतंग टोकापासून टोकापर्यंत फुगल्यावरच सोडला. त्याच क्षणी मी पाच-सहा पावले झपझप मागे गेलो. माणूस मागे चालतो तेव्हा त्याचा वेग वाऱ्यात मिळतो. सहा किलोमीटरच्या वाऱ्यात चार किलोमीटरच्या चालीने मागे गेले तर पतंगाला दहाचा वारा लागतो. वीस-पंचवीस मीटर उंचीवर वारा थोडा अधिक असतो, त्यामुळे तिथवर पतंग पोचवण्यापुरतीच ही उसनवारी करायची असते.

यापुढचा प्रश्न ब्रेकचा होता, आणि आजचा बहुतेक वेळ त्यातच गेला. कारखान्यातून आलेल्या जुळणीत ब्रेकच्या दोऱ्या जवळपास ताठ होत्या. जोराच्या वाऱ्यात हे चालते, कारण पंखाची मागची कड थोडी खाली ओढलेली राहून ओढ वाढते. मंद वाऱ्यात मात्र तीच कड वेग खाते; पतंग डोक्यावर पोचण्याआधीच थबकतो आणि उलटा, मागच्या कडेच्या दिशेने, खाली सरकू लागतो. अशा वेळी नवशिक्याचा हात आणखी ब्रेक ओढतो आणि पतंग आणखी लवकर खाली येतो. प्रत्येक मुठीच्या खालच्या टोकाला जो दोरीचा तुकडा असतो त्यावर अंतराअंतराने गाठी असतात. ब्रेकची दोरी एकेक गाठ बाहेर घेत गेलो आणि दर बदलानंतर पुन्हा उडवून पाहिले. उडत्या पतंगामागे ब्रेकच्या दोऱ्या वाऱ्याने किंचित कमानीसारख्या वाकलेल्या दिसतात, ती जुळणी बरोबर ठरली. याच्याही पुढे ढिलाई दिली तेव्हा पतंग इतका मोकळा झाला की डोक्यावर येताच आमच्या मागे निघून गेला, पुढच्या कडेवर हवेचा दाब उरला नाही आणि तो चुरगळून खाली आला. उपयोगी टप्पा दोन गाठींच्या आतच आहे. मुठीवर खुणेचा लाल धागा बांधून ठेवला.

ही जुळणी झाल्यावर ८ किलोमीटरच्या वाऱ्यात पतंग डोक्यावर स्थिर राहिला. हिशेबही तिथेच येतो. हवेची घनता समुद्रसपाटीला १५ अंशांवर घनमीटरला १.२२५ किलो असते. सुमारे तीनशे मीटर उंचीवर आणि तिशीच्या घरातल्या तापमानात ती १.१२ च्या जवळ उतरते, म्हणजे तेवढ्याच वाऱ्यात इथे आठ-नऊ टक्के ओढ आधीच कमी. ती धरून ८८० ग्रॅम उचलायला सेकंदाला दोन मीटरहून थोडा जास्त, म्हणजे ताशी साडेसात किलोमीटरच्या आसपास वारा लागतो.

२५ जानेवारी

दोऱ्यांची लांबी बदलून पाहिली : २० मीटर आणि ३५ मीटर.

मंद वाऱ्यासाठी बारीक आणि हलक्या दोऱ्या घ्याव्यात, हा सल्ला सर्रास दिला जातो. छोट्या दोन दोऱ्यांच्या पतंगाला तो लागू असेलही, पण या आकाराला त्याचे महत्त्व माझ्या मते फुगवलेले आहे. एक मिलिमीटर जाडीच्या, डायनीमा या मजबूत कृत्रिम धाग्याच्या चार दोऱ्या, प्रत्येकी २५ मीटर धरल्या, तर त्यांचे वजन ६०-७० ग्रॅम होते. ८८० ग्रॅमच्या पुढे ते फार नाही. हवेतला त्यांचा अवरोधही पतंगाच्या स्वतःच्या अवरोधाच्या काही टक्केच निघतो, कारण दोरीचा पतंगाजवळचा भागच वेगाने फिरतो आणि हाताजवळचा भाग जवळपास स्थिर असतो.

लांबीचा परिणाम याहून स्पष्ट आहे. मोकळ्या सपाट जमिनीवर वाऱ्याचा वेग उंचीच्या साधारण एक-सप्तमांश घाताने वाढतो, असा ढोबळ नियम वापरतात. त्याप्रमाणे २० ऐवजी ३५ मीटरवर वारा आठ टक्के अधिक आणि ओढ सतरा टक्के अधिक मिळावी. त्याशिवाय पतंगाला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धावायला जास्त जागा मिळते, म्हणजे वेग धरायला वेळ मिळतो. तोटा एवढाच की हाताची हालचाल पतंगापर्यंत उशिरा पोचते. ब्रेकच्या दोरीत असलेला झोल आधी निघतो, मग कड वाकते, मग पतंग वळतो. वळण्याची सूचना अर्धा सेकंद आधी द्यायची सवय लागली की ३५ मीटरच्या दोऱ्या निश्चितपणे बऱ्या. पुढच्या सर्व चाचण्या त्यांच्यावरच केल्या.

२ फेब्रुवारी

आज ओढ मोजली, आणि प्रकल्पाचा गाभा हाच आहे. दोन्ही मुठींना जोडणारा पट्टा कमरेच्या रुंद पट्ट्याला अडकवला आणि मध्ये लटकता डिजिटल काटा लावला. वाचन सोबतच्या शिक्षकाने घेतले, वारा एका विद्यार्थ्याने दहा पावले बाजूला उभे राहून सांगितला.

पतंग डोक्यावर स्थिर ठेवला तेव्हा १२ किलोमीटरच्या वाऱ्यातही काटा दीड किलोच्या वर गेला नाही. ९ किलोमीटरला तर तो अर्ध्या किलोवर अडला. एवढी ओढ लहान मुलाच्या हातालाही जाणवणार नाही, आणि ज्यांनी पतंग फक्त असा उभा केलेला पाहिला ते मंद वाऱ्यात हे साधन निकामी आहे असे म्हणून निघून गेले तर त्यांना दोष देता येणार नाही. त्यानंतर तोच पतंग आडव्या आठच्या आकड्यात, समोरच्या भागातून डावीकडून उजवीकडे आणि परत, असा सतत पळवला. ६ किलोमीटरच्या वाऱ्यात काट्याने चार-पाच किलो दाखवले, ९ ला दहा-अकरा, आणि १२ किलोमीटरची झुळूक आली तेव्हा वीसच्या जवळ. वारा दुप्पट झाल्यावर ओढ चौपट झाली, हे वर्गाच्या नियमाशी जुळते. खरी लक्ष देण्यासारखी तुलना मात्र दीड किलो आणि वीस किलो यांची आहे. दोन्ही वेळा वारा, कापड आणि दोऱ्या त्याच होत्या.

हा फरक पतंगाच्या स्वतःच्या वेगाने पडतो. वाऱ्याला आडवा धावणारा पतंग वाऱ्याच्या सुमारे तिप्पट वेग गाठतो आणि त्याला लागणारी हवा तेवढीच जोराने येते. तिप्पट वेगाचा वर्ग नऊ. पंखाची उचल आणि अवरोध यांचे गुणोत्तर जितके चांगले तितका हा गुणाकार मोठा. अमेरिकी अभियंते मायल्स लॉइड यांनी १९८० मध्ये पतंगापासून ऊर्जा मिळवण्याचा हिशेब मांडला तो याच आडव्या धावेवर उभा आहे. ६ किलोमीटरच्या वाऱ्यात पतंग डोक्यावर थांबू शकत नाही, पण धावत ठेवला तर उडतोही आणि ओढतोही, ही आजची मला सर्वात मोलाची वाटलेली नोंद आहे. पत्रकातली १२ किलोमीटरची खालची मर्यादा स्थिर पतंगाच्या सोयीने ठरवलेली असावी.

अर्थात धाव टिकवायची तर वळणे सांभाळावी लागतात. एकच ब्रेक जोराने ओढला की पतंग त्या टोकाभोवती जागच्या जागी गरकन फिरतो. दिसायला चांगले दिसते, पण सगळा वेग तिथेच संपतो आणि काटा दोन-तीन किलोवर येतो. एका हाताची पुढची दोरी जवळ घेत, दुसऱ्या हाताची पुढे सोडत, ब्रेकचा नुसता स्पर्श देत मोठे वळण घेतले तर वेग टिकतो. कडेला पोचल्यावर वळण खालच्या अंगाने घ्यावे, म्हणजे उतरताना वजनही वेगाला हातभार लावते. वरच्या अंगाने वळवलेला पतंग ७ किलोमीटरच्या वाऱ्यात अनेकदा अर्ध्या वळणातच थांबला.

३ फेब्रुवारी

कापडात अडकलेली कुसळे चिमट्याने काढली. ती ओढून काढली तर विणीचे धागे सरकतात, म्हणून टोचलेल्या दिशेनेच आरपार काढावी लागतात. बोरीच्या काट्याने पडलेल्या एका छिद्राला दोन्ही बाजूंनी चिकट नायलॉनी पट्टी लावली.

९ फेब्रुवारी

कमाल तापमान ३३ अंशांवर गेले आहे आणि वाऱ्याचा स्वभाव बदलला आहे. सरासरी अजून ८-९ किलोमीटरचीच, पण ती आता सरळ मिळत नाही : दोन-तीन मिनिटे काहीच नाही, मग १५ ची झुळूक, तीही वीस-तीस अंश बाजूने. मोकळी नांगरलेली काळी वावरे उन्हात लवकर तापतात, त्यांच्यावरून गरम हवेचे लोट उठतात आणि त्यांची जागा भरायला बाजूची हवा धावते. झुळूक विरताना पतंग उंचावर असेल तर तो स्वतःच्या वेगाने पुढे येतो, दोऱ्या सैल पडतात आणि एक टोक दोऱ्यांमधून आत शिरून पतंगाचा बो-टाय होतो, म्हणजे तो मध्येच पिळला जाऊन अडकतो. यावर उपाय एकच : दोऱ्या सैल पडताहेत असे हाताला जाणवताच ब्रेक न ओढता मागे चालायचे. म्हणून पाठीमागची वीस-पंचवीस पावले मोकळी जागा हा सुरक्षेचाच भाग समजून आखून घेतली.

शेजारच्या वावराचे मालक पाहायला आले होते. हे हरभऱ्यावर बांधून ठेवले तर रोही (नीलगाई) येणार नाहीत का, असे त्यांनी विचारले. रोही रात्री येतात आणि वारा दुपारी असतो, त्यामुळे ते जमणार नाही.

१६ फेब्रुवारी

गाडी जोडली. सांगाडा लोखंडी पाइपचा, तीन रुंद चाके, पुढचे चाक पायांनी वळवायचे. माणसासह एकूण वजन ८८ किलो. आधी काटा लावून गाडी हाताने ओढली : घट्ट पट्ट्यावर ती चालती ठेवायला तीन किलो पुरतात, कुसळी गवतावर सात-आठ लागतात. २ फेब्रुवारीच्या आकड्यांशी हे ताडून पाहिले, आणि तिरक्या दोऱ्यांमुळे ओढीचा काही भागच गाडीच्या वाटेने लागतो हे धरले, तर ९ किलोमीटरच्या वाऱ्यात पट्ट्यावर गाडी निघावी आणि गवतावर अडावी, आणि घडलेही तसेच.

वाऱ्याच्या दिशेने सरळ जाण्याचा मोह होतो, आणि पाहणारे सगळे तेच सुचवत होते. पण गाडी वाऱ्याबरोबर पाच किलोमीटरने पळू लागली की नऊमधले चारच उरतात. पतंग ढिला पडतो, गाडी थांबते, मग पुन्हा ताण येतो आणि असे हिसके बसत राहतात. वारा पूर्वेचा आणि घट्ट पट्टा उत्तर-दक्षिण, ही जागेची देणगी इथे कामी आली. वाऱ्याला आडवे चालवल्यावर गाडीच्या वेगाने पतंगाचा वारा घटत नाही, उलट थोडा वाढतो. पट्ट्याची पूर्ण लांबी गाडी न थांबता गेली. परतताना वारा ६ वर आला आणि पतंग वळणांवर ओढ सोडू लागला. गाडी चालत्या माणसाच्या वेगाने, अधूनमधून पायाने रेटा देत, कशीबशी पोचली. ७ किलोमीटरच्या खाली गाडीचा विचार करू नये.

१ मार्च

वारा आज दुपारभर वायव्येकडून होता. म्हणजे ११ केव्हीची तार आता वाऱ्याच्या खालच्या अंगाला आली, आणि नियमाप्रमाणे पतंग पिशवीतच राहिला. उन्हाळ्यात या भागात वायव्येचाच वारा मुख्य असतो. समोरच्या वावरात एक वावटळ पऱ्हाटीचा पालापाचोळा घरापेक्षा उंच घेऊन फिरली. तिच्या वाटेत पतंग असता तर मनगटी पट्ट्यांची परीक्षा झाली असती. पट्ट्याच्या कडेला माळटिटव्यांची जोडी ओरडत घिरट्या घालू लागली आहे. त्यांचा विणीचा काळ मार्च ते मे असतो आणि अंडी उघड्या जमिनीवरच असतात, त्यामुळे पट्ट्यावर गाडी फिरवणेही थांबवले आहे.

दोऱ्या कोमट पाण्याने धुऊन, चारही एका खुंटीला ताणून लांबी तपासली. पुढच्या दोन दोऱ्या ब्रेकच्या दोऱ्यांपेक्षा दोन सेंटिमीटरने लांब झालेल्या निघाल्या, कारण ओढीचा मुख्य भार त्यांच्यावरच येतो आणि नव्या विणीतला झोल त्यामुळे निघतो. म्हणजे लाल धाग्याची खूण आता बरोबर नाही; पुढच्या दोऱ्या तेवढ्या आखूड करून मगच ती ग्राह्य धरायची. मोठा पतंग घेण्याऐवजी याच मापाचा, हलक्या कापडाचा, चौरस मीटरमागे १२० ग्रॅमच्या आत बसणारा पतंग शोधायचा असे ठरले आहे. तो मिळाल्यास डिसेंबरमध्ये, पूर्वेचा वारा परतल्यावर, ६ किलोमीटरपासून मोजणी सुरू होईल.